यादीत फोटोवाल्याचीही एक ओळ हवी

मंडळी, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं माणसांच्या लग्नांची गडबड सुरू होते. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात आलेली असते, ऊसवाले तोडीची वाट बघत असतात. अशा दिवसांत ओसरीवर सतरंजी टाकून दोन्हीकडची जाणती माणसं याद्या करायला बसतात. कागदाच्या डोक्यावर 'श्री' लिहायचं, हळदकुंकू लावायचं आणि मग एकेक बाब घ्यायची. साड्या किती, मानपान कुणी कुणाचं करायचं, मंडप कुणाकडं, जेवण कुणाकडं, वाजंत्री कुणाची. शेवटी दोन्हीकडच्या सह्या. सोयरीक जमलेली असते, माणसं एकमेकांच्या विश्वासातली झालेली असतात, तरीही कागद होतो. त्या कागदाचा राग कुणाला येत नाही. उलट 'यादी झाली' म्हटल्यावरच लग्न पक्कं झालं असं आपण धरून चालतो.

या यादीत आता आणखी एक बाब असते, 'फोटो व शूटिंग मुलीकडे', नाहीतर 'ज्याचे त्याने'. एवढ्या दोन-तीन शब्दांवर ती बाब संपते. त्या फोटोवाल्याशी रक्कम किती ठरली, पैसे कधी द्यायचे, बदल्यात काय मिळणार, किती दिवसांत मिळणार, याचा कागद बहुतेक घरांत नसतो. सगळं तोंडी. मग मिरगाचा पाऊस पडून पेरण्या झाल्या तरी अल्बम घरात आलेला नसतो आणि फोटोवाल्याच्या हातात पैसे पडलेले नसतात. ज्याला लग्नाआधी आपण 'बाळा' म्हणून चहा पाजलेला असतो तोच नंतर 'तो फोटोवाला' होतो. आणि त्याच्या तोंडचे 'तात्या' त्याच्यासाठी 'ती बुडवी पार्टी' होतात.

या जागेवर आज एवढंच सांगायचं आहे, की साड्यांना जशी यादीत एक ओळ मिळते तसा फोटोवाल्याशी झालेल्या बोलीलाही एक साधा कागद मिळाला पाहिजे. यात फोटोवाल्याचं जेवढं हित आहे, तेवढंच मुलीच्या बापाचंही आहे.

याचेच पैसे का राहतात?

जरा आठवून बघा. लग्नातले बाकीचे पैसे कुणाचे आणि कसे दिले जातात? सोनार पैसे घेतल्याशिवाय डाग हातात देत नाही. आचारी किराणा सांगतानाच उचल घेतो आणि चूल विझायच्या आत उरलेले मागतो. बँडवाल्याचे पैसे राहिले तर वरात वेशीत उभी राहते, पाहुण्यांसमोर शोभा होते, म्हणून त्याला कुणीही कुठूनही आणून देतं. मंडपवाला दुसऱ्या दिवशी खांब काढायला येतो तेव्हा हिशोब घेऊनच येतो. या सगळ्यांचा माल लग्नाच्या दिवशीच खपतो, त्यामुळं त्यांची वसुलीही त्याच दिवशी होते.

फोटोवाल्याचं तसं नाही. त्याचं निम्मं काम मांडव उतरल्यावर सुरू होतं. फोटो निवडायचे, रंग नीट करायचे, शूटिंगची जोडणी करायची, अल्बमची पानं मांडायची, शहरातल्या लॅबमध्ये पाठवायची. तोवर पाहुणे गेलेले असतात, खर्चाची पिशवी रिकामी झालेली असते, आणि घरात 'आता कुणाचं किती द्यायचं राहिलं' याची मोजणी चालू असते. त्या मोजणीत फोटोवाला शेवटी येतो, कारण त्याच्यावाचून काही अडलेलं नसतं. त्याच कारणानं गिऱ्हाईकही अडकतं. माल नंतर मिळायचा असल्यामुळं फोटोवाल्याकडनं उशीर झाला तर त्याला हलवायचं कसं, हे बापाला कळत नाही. ज्या कामात पैसा आधी आणि माल नंतर, किंवा माल आधी आणि पैसा नंतर, त्या कामाला कागदाची गरज सगळ्यांत जास्त. आणि नेमकं तिथंच आपण कागद करत नाही.

रोलच्या जमान्यात हिशोब सोपा होता. एका रोलात ३६ फोटो. किती रोल लागले ते मोजायचे, किती फोटो धुवून घेतले ते मोजायचे, पैसे द्यायचे. आता मेमरी कार्डात दोन-तीन हजार फोटो सहज बसतात. 'फोटो काढले' म्हणजे नक्की काय दिलं, हे आता मोजून सांगता येत नाही. वर व्हिडिओ, ड्रोन, एलईडी स्क्रीन, लग्नाआधीचं प्री-वेडिंग शूटिंग. बाबी वाढल्या, बोली मात्र जुनीच राहिली.

दोन्ही बाजूंचं दुखणं

हा धंदा करणारी पोरं कोण आहेत तेही बघू. बहुतेक शेतकऱ्याचीच पोरं. दोन-तीन एकरांत घर चालत नाही म्हणून कुणी कॅमेरा घेतला, कुणी तालुक्याच्या गावी गाळा भाड्यानं घेतला. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून कुणी कर्ज काढलं, कुणी फायनान्सचे हप्ते लावून घेतले. हप्ता दर महिन्याला येतो. मुहूर्त दर महिन्याला येत नाहीत. आषाढात शयनी एकादशीला चातुर्मास लागला की थेट तुळशीच्या लग्नापर्यंत फारशी लग्नं नाहीत, पौषातही हात आखडतो. वर्षाची कमाई मोजक्या तारखांवर. त्यातही दाट तिथीला एकाच दिवशी गावोगाव लग्नं. त्या दिवसाचं एक काम घेतलं की बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. म्हणून ऐनवेळी कुणी 'आमच्या पाहुण्यांतला पोरगा फोटो काढतोय, तुम्ही नका येऊ' असा निरोप धाडला, तर त्या पोराचा नुसता एक दिवस जात नाही, नाही म्हटलेली दोन गिऱ्हाइकंही गेलेली असतात.

शिवाय तो एकटा येत नाही. व्हिडिओवाला वेगळा, लाइट धरणारा पोरगा वेगळा, कँडिड काढणारा बाहेरून बोलावलेला. ही माणसं त्याच रात्री आपली मजुरी मागतात. लॅबवाला अल्बम छापायच्या आधी पैसे मागतो. म्हणजे आपण त्याचे पैसे ठेवून घेतो तेव्हा त्याचा नफाच नव्हे, त्यानं खिशातून घातलेलं भांडवलही अडकतं.

आता मुलीच्या बापाकडून बघा. त्याचं म्हणणं खोटं नसतं. ठरवताना फोटोवाला दुकानातला चकचकीत अल्बम दाखवतो, हातात पडतो तेव्हा पानं कमी, कागद पातळ. 'दोन कॅमेरे' म्हणाला होता, दुसरा कॅमेरा शिकाऊ पोराच्या हातात. अक्षता पडताना बापानं डोळे पुसले तो क्षण नेमका सापडत नाही, पण मित्रमंडळींच्या नाचाचे दोनशे फोटो असतात. मध्येच सांगतो, ड्रोनचे वेगळे, हळदीचे वेगळे, पेनड्राइव्हचे वेगळे. आणि पैशावरनं बिनसलं की 'कार्ड माझ्याकडं आहे' म्हणून बसतो. आचाऱ्यानं भाजी खारट केली तर लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. लग्नाचे फोटो गेले तर ते पुन्हा काढता येत नाहीत.

फोटोची किंमत आपण हौसेत मोजतो, पण तेवढीच ती नाही. आपल्या कितीतरी घरांत आजीचा शेवटचा नीट फोटो नातीच्या लग्नातलाच असतो. पुढं तोच मोठा करून भिंतीवर लागतो. विवाह नोंदणीला गेलं की लग्नपत्रिकेबरोबर लग्नातला फोटोही मागतात. म्हणून कार्ड अडवून धरणं हे फोटोवाल्यालाही शोभत नाही, आणि त्याला त्या थराला नेणं आपल्यालाही शोभत नाही.

हप्ते तीन, तारखा तीन

मग पैसे द्यायचे कसे? तीन हप्त्यांची रीत दोघांनाही सोसते. समजा, सगळं मिळून ६०,००० रुपयांना ठरलं. हा आकडा उदाहरणापुरता, तुमच्याकडं तो वीस हजार असेल नाहीतर लाखभर. तारीख बांधताना १८,००० इसार म्हणून द्यावेत. हळदीच्या संध्याकाळी ३०,००० द्यावेत. उरलेले १२,००० अल्बम आणि व्हिडिओ हातात पडल्यावर, पानं मोजून द्यावेत.

अशी वाटणी का? इसार घेतल्यावर फोटोवाला त्या तारखेला दुसरीकडं जात नाही. हळदीला मिळालेल्या पैशात त्याच्या माणसांची मजुरी आणि लॅबची रक्कम निघते, त्यामुळं पुढचं काम पैशासाठी अडून राहत नाही. आणि शेवटचा हप्ता एवढा असावा की तो मिळवण्यासाठी फोटोवाल्यानं अल्बम वेळेत आणावा, पण एवढा मोठा नसावा की तो राहिला तर त्याचं घर बसावं. निम्म्याहून जास्त रक्कम शेवटाला ठेवली तर भांडण ठरलेलं. आणि सगळी रक्कम आधीच दिली तर अल्बमची वाट बघणं ठरलेलं.

दुसरा हप्ता लग्नाच्या दिवशी ठेवू नका, हळदीलाच द्या. लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाला गाठणं म्हणजे पंढरीच्या वारीत हरवलेला माणूस शोधणं. आणि पैसे कोण देणार त्या माणसाचं नाव कागदावर घाला. आपल्याकडं खर्चाची पिशवी मामाच्या नाहीतर चुलत्याच्या खांद्याला असते. फोटोवाला बापाकडं जातो, बाप म्हणतो मामाला विचार, मामा म्हणतो मला सांगितलंच नाही. एक नाव लिहिलं की हा खेळ थांबतो.

शेतकऱ्याच्या हातात पैसा पिकावर येतो, हे खरं. तेव्हा तसं ठरवायलाही हरकत नाही. पण 'कापूस विकला की देतो' ही तारीख होत नाही. भाव पडला म्हणून कापूस घरात राहिला तर काय? '१५ जानेवारी' ही तारीख होते. ऊसवाल्यांना हे समजावून सांगायला नको. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. लिहिलेलं असूनही पैसे थकतात, हे आपण भोगलेलं आहे. पण ते लिहिलेलं नसतं तर आपण कशाच्या जोरावर मागायला गेलो असतो? आपल्या घामाच्या दामाला आपण तारीख मागतो. मग दुसऱ्याच्या घामाला तारीख द्यायला मागंपुढं का बघायचं?

कागदावर काय असावं

वकील गाठून दहा पानांचा मसुदा करायला कुणी सांगत नाही. वहीचं एक पान पुरे. दोन प्रती करायच्या, दोघांनी सह्या करायच्या, एक त्याच्याकडं, एक आपल्याकडं. त्यात पुढच्या गोष्टी याव्यात.

कार्यं कोणती आणि किती वेळ, हे पहिलं. साखरपुडा, हळद, लग्न, वरात यांतलं काय धरलं आहे आणि काय नाही. वरात रात्री एकपर्यंत लांबली तर वाढीव पैसे आहेत का. किती माणसं येणार, कॅमेरे किती, आणि मुख्य फोटो स्वतः मालक काढणार की दुसऱ्याला पाठवणार. त्यांच्या जेवणाची आणि लांबच्या गावी मुक्कामाची सोय कोण करणार. हे क्षुल्लक वाटतं, पण पहाटेपासून उभं राहिलेल्या पोराला चार वाजेपर्यंत कुणी जेवायला बसवत नाही, असं घडतंच ना?

मग माल. अल्बम किती पानांचा, केवढ्या मापाचा, कोणत्या कागदाचा, आणि एक की दोन. सासरी एक, माहेरी एक, हे आधीच ठरवावं, नाहीतर दुसऱ्या अल्बमचं ओझं बापावर नंतर पडतं. व्हिडिओ किती तासांचा. सगळे मूळ फोटो देणार की निवडक. फोटो किती महिने जपून ठेवणार, आणि एका कार्डावर विसंबून न राहता दुसरीकडं उतरवून ठेवणार की नाही.

मग मुदत. इथं गिऱ्हाइकाचीही एक जबाबदारी आहे. अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचे असतात आणि ते काम घरात कुणी करत नाही. मुलगी सासरी, जावई नोकरीवर, सासू म्हणते आमच्याकडच्यांचे फोटो कमी आहेत. तीन-तीन महिने निवड होत नाही आणि दोष फोटोवाल्याला जातो. म्हणून लिहावं, की फोटो दाखवल्यापासून २० दिवसांत निवड करून देऊ, आणि निवड मिळाल्यापासून ४५ दिवसांत अल्बम देऊ. दिवस तुमच्या सोयीनं कमीजास्त करा, पण दोन्ही मुदती लिहा.

हुकूम कुणाचा, हेही लिहा. पैसे एक बाजू देते आणि सांगणारे दोन्हीकडचे असतात. नवरदेवाचे मित्र येऊन म्हणतात, ड्रोन उडव, गाडीवरनं शूटिंग घे. नंतर त्या ड्रोनचे पैसे मुलीच्या बापाकडं मागितले जातात. ठरल्यापेक्षा जास्त काम ज्यानं सांगितलं त्यानं पैसे द्यायचे, ही एक ओळ पुष्कळ त्रास वाचवील. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. नोंदणी, परवानगी ही जबाबदारी फोटोवाल्याची, असं स्पष्ट असावं.

प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. मोबाइलवरनं पैसे पाठवले तर कशासाठी पाठवले ते चार शब्द तिथंच लिहा. वर्षाला वीस लाखांच्या आत धंदा असलेल्या फोटोवाल्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नाही म्हणून साधी पावतीही द्यायची नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

तारीख बदलली तर?

ही बाब बोलायला जड जाते, कारण शुभकार्याच्या बोलण्यात कुणी अशुभ काढत नाही. पण घरात कुणी गेलं, सुतक आलं, लग्न पुढं गेलं, हे होत असतं. २०२० साली तर गुढीपाडव्याच्या दिवशीच, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली आणि पुढची सगळी लगीनसराई गेली. ज्यांनी इसार दिला होता ते परत मागू लागले. ज्यांनी घेतला होता त्यांनी तो कॅमेऱ्याच्या हप्त्यात घालून टाकलेला होता. दोघंही आपापल्या जागी खरे होते, आणि निवाडा करायला कागद नव्हता.

तेव्हा लिहून ठेवा. सुतक, आजारपण, सरकारी बंदी अशा कारणानं तारीख पुढं गेली तर इसार नव्या तारखेला धरायचा. आपल्या मर्जीनं काम रद्द केलं तर किती दिवस आधी सांगितल्यावर किती रक्कम परत. आणि फोटोवाला स्वतः आजारी पडला, त्याचा कॅमेरा बिघडला, तर तो तेवढ्याच तोलामोलाचा दुसरा माणूस देईल, नाहीतर पैसे परत करील. नुसतं 'इसार परत मिळणार नाही' असं छापलेलं असतं ते एकतर्फी आहे. करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम कागदात ठरलेली असली, तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. म्हणून दोघांना पटेल असा आकडा आधीच घालावा.

कायद्याचं निघालं म्हणून आणखी दोन गोष्टी. तोंडी करारही कायद्यानं करारच असतो, पण तो शाबीत करताना नाकी नऊ येतात. काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत फोटोवाला आपल्या थकीत पैशाचा दावा लावू शकतो. काम नीट झालं नाही तर गिऱ्हाईक दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाऊ शकतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण दोघांनाही पहिला प्रश्न हाच होणार, ठरलं काय होतं ते दाखवा.

दुसरी गोष्ट मुलीच्या अब्रूची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. कॅमेरा ज्याचा त्याचा नव्हे. म्हणजे आपल्या लेकीचा फोटो दुकानाच्या काचेत लावायचा असेल, इन्स्टाग्रामवर जाहिरातीला टाकायचा असेल, तर फोटोवाल्यानं विचारलं पाहिजे. परवानगी द्यायची की नाही हे लेकीला विचारून ठरवा आणि कागदावर हो किंवा नाही लिहा. काही छापील फॉर्मांत बारीक अक्षरात 'फोटो वापरण्याचा हक्क स्टुडिओचा' असं असतं. सही करायच्या आधी ते वाचा.

फोटोवाल्या बंधूंनाही एक सांगणं आहे. तारीख लिहून घेताना मुलामुलीच्या वयाचा दाखला बघा. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण नसतील तर काम घेऊ नका. २००६ च्या कायद्यानं बालविवाह लावून देणारा आणि त्याला मदत करणारा, दोघंही गुन्ह्यात येतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला प्रशासन मंडपवाल्यांना, छापखान्यांना, फोटोवाल्यांना ताकीद देतं ती उगीच नाही. एका कामाच्या पैशासाठी एका पोरीचं आयुष्य आणि आपली भाकरी, दोन्ही पणाला लावू नयेत.

कागद म्हणजे अविश्वास नव्हे

यावर हमखास येणारं उत्तर ठाऊक आहे. "अरं बाळा, तू आपल्या गावचाच. पैशाचं काय घेऊन बसलास? लगीन होऊ दे, मग बघू." आणि पोरगंही भिडेखातर म्हणतं, "बरं तात्या, तुम्ही म्हणाल तसं." या दोन वाक्यांत पुढच्या सगळ्या भांडणाचं बी असतं.

त्याऐवजी त्या पोरानं असं म्हणावं, "तात्या, तुमच्या घरचं कार्य म्हंजी माझ्या बहिणीचंच लगीन. म्हणूनच समदं लिहून ठिवू. उद्या आपल्यात वाकडं यायला नको." आणि तात्यांनी चष्मा काढून कागद वाचावा. भाव जास्त वाटला तर तेव्हाच बोलावं. "ड्रोन काढून टाक, पानं दहा कमी कर, पण रक्कम पन्नासावर आण" असं तोंडावर म्हणावं. घासाघीस करायची ती लग्नाआधी करावी. काम करून घेऊन मग "थोडं कमी घे की" म्हणणं ही घासाघीस होत नाही, ती अडवणूक होते. तसंच 'किती द्यायचे?' या प्रश्नाला 'द्या तुमच्या मनानं' असं उत्तर देणाऱ्या फोटोवाल्यानं नंतर मन लहान निघालं म्हणून रडू नये.

आपला समाज कागदाला बुजणारा नाही. पाडव्याला सालगडी ठरतो तेव्हा वर्षाचे पैसे, ज्वारी-गव्हाची पोती, कपडे, सगळं बोललं जातं. जमिनीचा, बैलजोडीचा व्यवहार इसार दिल्याशिवाय पक्का होत नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तिथं गावोगावची जत्रा कमिटी जाते आणि तारीख, रक्कम, इसार ठरवूनच सुपारी देते. हातावर हात मारून झालं की लेखी होतं, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. मग घरच्या लग्नातच ही लाज कुठून आली?

एक काम ग्रामपंचायतींना, तालुक्यातल्या फोटोवाल्यांच्या संघटनांना सहज करता येईल. मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा साधा नमुना छापून घ्यावा. रिकाम्या जागा भरायच्या, दोन सह्या करायच्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडं, मंडपवाल्यांकडं तो ठेवावा. खर्च फार नाही. बचतगटाच्या बायकांना वहीखात्याची सवय आहे, त्यांनी मनावर घेतलं तर घराघरांत तो भरला जाईल.

तोवर, वाचकहो, यंदा तुमच्या घरी याद्या होतील तेव्हा एवढं करा. साड्यांचं, मानपानाचं लिहून झालं की कागद लगेच घडी घालून ठेवू नका. फोटोवाल्या पोराला त्याच बैठकीला बोलवा. रक्कम, तीन तारखा, पैसे देणाऱ्याचं नाव, अल्बमची पानं आणि मुदत, एवढं त्याच्यासमोर लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. कागदाची दुसरी प्रत त्याच्या खिशात द्या, आणि जाताना त्यालाही पाहुण्यांसारखा चहा पाजा.